नौदलातून निवृत्त झालेल्यांची गावभेट आणि वैद्यकीय तपासण्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी संपल्यावर विशाखापट्टणम, कोची, मुंबई किंवा पुण्यात घर केलेले आणि गणपतीला, शिमग्याला नाहीतर मे महिन्यात कोकणात किंवा सातारा-कोल्हापूरकडे गावी येणारे नौसैनिक आणि त्यांच्या घरची माणसे यांच्यासाठी ही माहिती आहे. यातले बरेचसे प्रश्न ईसीएचएसभोवती, म्हणजे १ एप्रिल २००३ पासून सुरू असलेल्या माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेभोवती फिरतात.

पंधरा दिवसांसाठी गावी येतोय. तपासण्या आधी उरकाव्यात की घरचे कार्यक्रम झाल्यावर?

आधी. रक्त द्यायला पाच मिनिटे लागतात, कागद फिरायला दिवस लागतात. पहिल्या दिवशी पॉलिक्लिनिकचे, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्याचे डॉक्टर तपासून चाचण्या लिहून देतात. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी नमुना, तिसऱ्या-चौथ्या दिवशी रिपोर्ट. रिपोर्ट पाहून तज्ज्ञाकडे रेफरल, म्हणजे पाठवणीची चिठ्ठी, मग त्या तज्ज्ञाची तारीख. त्यांनी इको किंवा सोनोग्राफी सांगितली तर बहुतेक वेळा पुन्हा पॉलिक्लिनिकची चिठ्ठी. मध्ये एक रविवार आणि चतुर्थीची सुट्टी आली की दहा दिवस संपले.

म्हणून चतुर्थीच्या निदान चार कामाचे दिवस आधी पोचा आणि गाडीतून उतरल्याच्या दुसऱ्याच सकाळी पॉलिक्लिनिक गाठा. घरचे रुसतील, रुसू द्या. पाटावर गणपती बसला की मग कुणी तुम्हाला घराबाहेर सोडणार नाही.

आणखी एक कारण साखरेचे. गौरी-गणपतीच्या आठवड्यात मोदक, घावने-घाटले, खीर सुरू असते. त्यानंतर तपासलेली उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर चढलेलीच निघते. ती पाहून गोळी वाढवली जाते. परत शहरात जाऊन नेहमीच्या पोळी-भाजीवर आलात की तीच वाढीव गोळी साखर खाली खेचते. एचबीएवनसी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी असल्यामुळे आठवडाभराच्या गोडाने फारशी हलत नाही. सणानंतरच जाणे झाले तर डॉक्टरांना ती चाचणी लिहायला सांगा आणि सणाचे जेवण चालू होते हेही सांगा.

माझे कार्ड दुसऱ्या राज्यातल्या पॉलिक्लिनिकला जोडलेले आहे. गावाजवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये चालेल का?

चालते. चालू स्थितीतले स्मार्ट कार्ड देशातल्या कुठल्याही पॉलिक्लिनिकमध्ये दाखवता येते आणि तिथून रेफरलही मिळते. मात्र नवीन ६४ केबीचे कार्ड हातात आल्यावर एकदा आपल्या मूळ पॉलिक्लिनिकमध्ये सुरू करून घ्यावे लागते. हे न करता लोक थेट गावी येतात, काउंटरवर कार्ड वाचले जात नाही आणि सकाळ फुकट जाते. निघण्याच्या आठवडाभर आधी मूळ पॉलिक्लिनिकमध्ये कार्ड एकदा लावून बघा. पत्नीचे कार्ड वेगळे असते, तेही लावा.

कायमचेच गावी राहायला येत असाल तर मूळ पॉलिक्लिनिक बदलून घ्या. नुसत्या भेटीसाठी तो खटाटोप नको.

सोबत कोणते कागद न्यायचे?

ईसीएचएस कार्ड, आधार, माजी सैनिक ओळखपत्र, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, मागच्या दोन वर्षांचे रिपोर्ट आणि सध्याच्या औषधांची चिठ्ठी. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स घरूनच काढून आणा. पॉलिक्लिनिकबाहेर झेरॉक्सचे दुकान असेलच असे नाही, आणि असले तर वीज असेलच असे नाही.

दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात. एक, रिलीज मेडिकल बोर्डाची प्रत. नोकरीतून बाहेर पडताना कान, पाठ, रक्तदाब यांची जी नोंद झाली तिच्याशीच आजची स्थिती ताडून पाहायची असते. दुसरी, जुने ईसीजी. छातीत दुखते म्हणून काढलेल्या ईसीजीत काही वेगळे दिसले की ते आजचे की दहा वर्षांपूर्वीचे, हे जुनी पट्टी समोर ठेवल्यावर लगेच कळते. ईसीजीचा कागद उष्णतेवर उमटणारा असतो, काही वर्षांत कोरा पडतो. त्याची झेरॉक्स किंवा मोबाइलमध्ये फोटो ठेवा. पट्टीवर चिकटपट्टी लावू नका, तिच्याखाली रेषा आधी उडतात.

रेफरल घेऊन खासगी रुग्णालयात गेलो आणि परत पाठवले. असे का होते?

रेफरल ज्या विभागासाठी आणि ज्या कामासाठी आहे तेवढेच रुग्णालय करते. चिठ्ठीवर फक्त 'हृदयरोग सल्ला' असेल तर सल्ला मिळतो, इको नाही. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांसमोर बसलात की तेव्हाच विचारा : 'सल्ल्याबरोबर लागणाऱ्या चाचण्या यात लिहिल्या आहेत का?' या एका प्रश्नाने एक पूर्ण फेरी वाचते. नेहमीची बाकी कारणे अशी : चिठ्ठीची मुदत संपलेली, नावात किंवा कार्ड क्रमांकात चूक, किंवा त्या रुग्णालयाचा ईसीएचएसशी करार आहे पण नेमक्या त्या विभागासाठी नाही. शेवटची अडचण तालुक्याच्या गावांत जास्त येते. डोळ्यांसाठी पॅनेलवर असलेले रुग्णालय हाडांसाठी पॅनेलवर नसते. निघण्याआधी रुग्णालयाच्या ईसीएचएस काउंटरला फोन करून घ्या.

दाखल व्हायची वेळ आली तर खोलीचा हक्क हुद्द्यावर ठरतो. पेटी ऑफिसर आणि त्याखालच्यांना जनरल वॉर्ड, चीफ पेटी ऑफिसर ते मास्टर चीफ यांना सेमी-प्रायव्हेट. वरची खोली हौसेने घेतली तर फरक खिशातून जातो, आणि तो फक्त खोलीभाड्यापुरता राहत नाही.

नौदलाच्या रुग्णालयात जावे की जवळच्या खासगीत?

साध्या सल्ल्यासाठी जवळचे पाहा. गुंतागुंतीचे दुखणे, जुनी शस्त्रक्रिया किंवा अपंगत्वाच्या टक्केवारीशी जोडलेली बाब असेल तर सेवा रुग्णालय बरे, कारण तिथल्या डॉक्टरला जहाज, पाणबुडी, डायव्हिंग हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मुंबईत कुलाब्याला आयएनएचएस अश्विनी, लोणावळ्याला कस्तुरी, वास्कोला जीवंती, कारवारला पतंजली. सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांना वास्को मुंबईपेक्षा कितीतरी जवळ पडते, तरी सवयीने लोक कुलाबाच धरतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याची लष्कराची हृदय-वक्ष संस्था आहे. तिथेही रेफरलनेच जायचे.

तपासणीच्या सकाळी काय खायचे, कोणत्या गोळ्या घ्यायच्या?

उपाशीपोटीच्या साखरेसाठी निदान ८ तास, चरबीच्या तपासणीसाठी १० ते १२ तास काही खायचे नाही. साधे पाणी प्यायला हरकत नाही. चहा, दूध, सरबत नको. 'बिनसाखरेचा कोरा चहा' हाही उपास नव्हे.

रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घ्या. ती चुकवून गेलात तर दाब चढलेला दिसतो आणि विनाकारण दुसरी गोळी सुरू होते. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी घ्यायचे नाही. नमुना दिल्यावर खाण्याबरोबर घ्यायचे. गावाहून पहाटेच्या एसटीने तासा-दोन तासांचा प्रवास करून येणाऱ्यांची साखर इथेच उतरते : गोळी घरी घेतली, काउंटरवर रांग लागली, नाश्ता दहा वाजता. खिशात साखर किंवा गूळ ठेवा. जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिल्या घासापासून मोजतात.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. छाती-पोटाचा सीटी स्कॅन औषध टोचून करायचा असेल तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट लागतो, आणि मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी चालू असल्याचे तिथे सांगावे लागते. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी जायचे आणि प्रोस्टेट पाहायची असेल तर लघवी भरलेली हवी. दोन्ही एकाच दिवशी असेल तर सकाळी नुसते पाणी भरपूर प्या.

इंजिन रूममध्ये नोकरी झाली. ऐकू कमी येते. कानाची तपासणी गावी होईल का?

ऑडिओमेट्रीची सोय असलेले कान-नाक-घसा तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात. मोठ्या आवाजाने झालेले नुकसान आलेखात साधारण ४००० हर्ट्झपाशी खड्डा पडल्यासारखे दिसते. वयामुळे येणारे बहिरेपण उंच स्वरांकडे हळूहळू उतरत जाते. नोकरीतल्या आवाजाचा मुद्दा मांडायचा असेल तर हा आलेख जपून ठेवा.

तपासणीआधी दोन गोष्टी. कानात मळ असेल तर आलेख चुकतो, तेव्हा आधी कान तपासून मळ काढून घ्या. सुकलेला मळ मऊ करायला तीन-चार दिवस थेंब घालावे लागतात, पण पडद्याला भोक असेल तर थेंब नको. दुसरे, आदल्या रात्री मोठा आवाज टाळा. रात्रभर बाल्या नाचाच्या मृदंगाशेजारी किंवा मिरवणुकीच्या ढोल-ताशात उभे राहिलात की सकाळी कान तात्पुरते बधिर असतात आणि आलेख खरा असतो त्याहून वाईट निघतो. निदान १४ ते १६ तासांची शांतता हवी.

श्रवणयंत्र वापरत असाल तर कोकणातली पावसाळी हवा त्याचा शत्रू आहे. रात्री यंत्र सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, बॅटरीचे दार उघडे ठेवून. जस्त-हवा बॅटरीची चिकटपट्टी काढल्यावर एखादा मिनिट थांबून मग ती आत घाला. हवा मिळाली की तिला जोर येतो.

बॉयलर रूममध्ये काम केले होते. त्यासाठी वेगळी तपासणी लागते का?

डॉक्टरांना ते सांगणे लागते, आणि नेमके तेच राहून जाते. आपली जुनी जहाजे वाफेवर चालत, विक्रांतही त्यांतलीच. ती १९६१ ते १९९७ सेवेत होती. त्या काळच्या जहाजबांधणीत गरम पाइपांवरच्या आवरणात ॲस्बेस्टॉस सर्रास वापरत. हे लॅगिंग फोडताना उडालेली धूळ फुफ्फुसात बसते आणि दुखणे दोन-चार दशकांनी वर येते. चढ चढताना धाप, कोरडा खोकला, छातीच्या एका बाजूला दुखणे हे 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना वर्षे, जहाज आणि कामाची जागा सांगा. छातीचा एक्स-रे आणि फुफ्फुसांची क्षमता चाचणी यांनी सुरुवात होते. बिडी-सिगारेट असेल तर धोका नुसता वाढत नाही, गुणला जातो.

डायव्हर असाल आणि खांदा किंवा खुबा दुखत असेल तर डायव्हिंगची वर्षे सांगा. दाबातल्या कामाने हाडाचा भाग मृत होऊ शकतो आणि साध्या एक्स-रेत तो उशिरा दिसतो. एमआरआयवर लवकर कळतो.

महिन्याची औषधे गावच्या पॉलिक्लिनिकमधून घेता येतील?

घेता येतात, पण तिथल्या साठ्यात तुमचे औषध असेलच असे नाही. येताना मुक्कामाच्या दिवसांहून आठ-दहा दिवसांचा साठा जास्त आणा. दिलेली गोळी वेगळ्या रंगाची, वेगळ्या नावाची असते तेव्हा घाबरू नका आणि दोन्ही मिळून खाऊही नका. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेले घटकद्रव्य आणि मिलिग्रॅम जुन्या पाकिटाशी जुळवा. 'नवी' आणि 'जुनी' अशी एकच रक्तदाबाची गोळी दोनदा घेऊन चक्कर येऊन पडणारे दरवर्षी निघतात. औषध शिल्लक नसेल तर चिठ्ठीवर तसा 'एनए'चा, म्हणजे 'उपलब्ध नाही' असा शिक्का मारून घ्या. शिक्क्याशिवाय बाहेरून घेतलेल्या औषधाचे पैसे परत मिळणे कठीण.

इन्सुलिनची न उघडलेली बाटली किंवा पेन २ ते ८ अंशांत ठेवायचे. वापरात असलेले बहुतेक प्रकार चार आठवड्यांपर्यंत खोलीच्या तापमानात टिकतात, नेमकी मुदत खोक्यावर असते. प्रवासात बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलेले इन्सुलिन वाया जाते. टॉवेलमध्ये गुंडाळून मग थंड पिशवीत ठेवा. गावात वीज गेली तर बंद डबीत घालून ओल्या फडक्यासह माठाच्या बाजूला ठेवा, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नाही.

गावात अचानक काही झाले आणि जवळ पॅनेलचे रुग्णालय नसेल तर?

जवळ जे असेल तिथे जा. १०८ला फोन करा. जीव धोक्यात असताना पॅनेल शोधायचे नसते. पॅनेलवरच्या रुग्णालयातही अशा वेळी आधी रेफरल लागत नाही, कार्ड दाखवले की पुढची ऑनलाइन कळवणी त्यांनी करायची असते.

पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात दाखल झालात तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा. हे काम मुलाने किंवा शेजाऱ्याने केले तरी चालते, मात्र लेखी करावे आणि पोच घ्यावी. 'फोन केला होता' यावर दावा उभा राहत नाही. बिल आधी तुम्हीच भरायचे. परतावा योजनेच्या ठरलेल्या दरांनी मिळतो, त्यामुळे पूर्ण रक्कम येईल असे धरून चालू नका. डिस्चार्ज घेताना 'तातडीची स्थिती होती' असा डॉक्टरांचा दाखला, डिस्चार्ज समरी, बाबवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या मूळ प्रतीत मागून घ्या. रुग्णालय सुटले की हे कागद मिळवायला महिने जातात. नुसते एकरकमी बिल असेल तर ते परत येते, हे सगळ्यात जास्त वेळा घडते.

गावी आल्यावर ताप आला. थांबून बघावे का?

पावसाळ्यात शेतात, चिखलात उतरला असाल आणि तापाबरोबर पोटऱ्या ठणकत असतील, डोळे लाल असतील तर लेप्टोची शक्यता धरून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मुंबई-पुण्यातून आलेल्यांना पायाच्या भेगांतून हा जंतू शिरतो हे ठाऊक नसते. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत काजूच्या बागेत, रानात फिरून आल्यावर ताप आला तर माकडताप डोक्यात ठेवा आणि गोचीड चावल्याचे सांगा. दोन्ही तापांत ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या कडक गोळ्या मनाने घेऊ नका.

हयातीचा दाखला गावाहून भरता येतो का?

येतो. आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप मोबाइलमध्ये घालून चेहऱ्यावरून दाखला निघतो. दोरखंड आणि यंत्रांवर आयुष्य गेलेल्या हातांचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत, त्यामुळे ठशाच्या यंत्रापेक्षा हे सोपे. उजेड समोरून हवा. पडवीत पाठीमागे अंगण ठेवून उभे राहिलात की चेहरा काळा येतो. पेन्शन स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेली असेल तर पीपीओ क्रमांक नवा, १२ आकडी असतो, आणि पैसे देणारी संस्था म्हणून बँक नव्हे तर स्पर्शची नोंद निवडायची. इथे बँक निवडली की प्रमाण क्रमांक मिळतो, मोबाइलवर संदेशही येतो, आणि दाखला भलतीकडेच जातो. म्हणून दोन-चार दिवसांनी स्पर्शच्या खात्यात शिरून पुढची तारीख बदलली का ते पाहा. ८० पूर्ण झालेल्यांना नोव्हेंबरऐवजी १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो. त्याच वयाला मूळ पेन्शनवर २० टक्के वाढही लागू होते, ती जमा झाली का तेही त्याच बैठकीत बघून टाका.

पत्नीचे माहेरचे नाव सेवा नोंदीत आहे, आधारवर सासरचे. काही अडेल का?

तुम्ही हयात असेपर्यंत फारसे जाणवत नाही, नंतर मात्र कुटुंब पेन्शनच अडते. लग्नाआधी भरती झालेल्यांच्या किंवा जेनफॉर्म (नौदलातला नोंदींचा अर्ज) घाईत भरलेल्यांच्या घरी ही गाठ हमखास सापडते. पत्नीचे नाव, जन्मतारीख आणि बँकेतले नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळवा. 'सुनिता' आणि 'सुनीता' इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिले असेल तरी अडवतात. दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला आणि आधार-पॅन लागतात. अर्ज मुंबईत मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय तो तयार करायला मदत करते. गावभेटीतला एक दिवस यासाठी राखा, कारण लग्नाचा दाखला ग्रामपंचायतीतूनच निघणार असतो.

गावी राहणाऱ्या आईवडिलांना माझ्या कार्डावर उपचार मिळतात का?

त्यांचे स्वतःचे मासिक उत्पन्न ९००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता या मर्यादेच्या आत असेल आणि ते तुमच्यावर अवलंबून म्हणून नोंदलेले असतील तर त्यांचे वेगळे कार्ड निघते.

७० वर्षांवरील सर्वांना मिळणारे वय वंदना कार्ड काढून घ्यावे का?

गावातल्या शिबिरात लगेच अंगठा देऊ नका. २०२४च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या या कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ईसीएचएस असलेल्यांना दोन्हींपैकी एकच निवडायचे असते. ईसीएचएसमध्ये खर्चाला अशी वरची मर्यादा नाही आणि रोजची औषधेही मिळतात. आमच्या मते ते सोडण्यात शहाणपण नाही.

मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेल्यांचे गणित उलटे. त्यांना ईसीएचएस नाही, त्यामुळे ७० पूर्ण असतील तर हे कार्ड जरूर काढावे.

येण्या-जाण्याचे काय?

रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते आणि गणपतीच्या कोकण गाड्या काही मिनिटांत भरतात. परतीचे तिकीट काढताना तज्ज्ञाच्या तारखेनंतर दोन दिवस मोकळे ठेवा. ज्येष्ठांची रेल्वे सवलत २०२० पासून बंद आहे. राज्याच्या एसटीत मात्र ७५ पूर्ण असलेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला निम्मे भाडे आणि महिलांना निम्मे भाडे. आधार जवळ हवे, आणि सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. बांद्याहून पुढे गोव्यात जाणार असाल तर पुढचे तिकीट पूर्ण पडते.

परत निघायच्या आदल्या दिवशी पॉलिक्लिनिकमधून राहिलेले रिपोर्ट स्वतः घ्या. 'नंतर पाठवतो' म्हणणारा पुतण्या ते कपाटात ठेवतो, आणि पुढच्या गणपतीला तिथेच सापडतात.